नाईलकाठची देवळं बोटीनं पाहायची आहेत? आधी हे वाचून निघा

आई-बाबांना घेऊन मी लक्झर ते अस्वान असा नाईलचा प्रवास केला. निघण्याआधी दोन महिने मी फक्त बोटींचे फोटो बघत होते. केबिन केवढी आहे, खिडकी किती मोठी आहे, गच्चीवर पोहायचा तलाव आहे की नाही. तिथं पोचल्यावर कळलं की विचारायचा प्रश्न वेगळाच होता: कुठल्या देवळात आपण किती वाजता पोचणार, आणि तिथं किती वेळ मिळणार?

पहिल्याच दिवशी लक्झरच्या कर्नाक देवळात आम्हाला जेमतेम पन्नास मिनिटं मिळाली. त्याआधीचा दीड तास अत्तराच्या आणि पपायरसच्या (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या पद्धतीच्या कागदाच्या) दुकानांत गेला होता. कर्नाकच्या १३४ खांबांच्या सभामंडपात बाबा मान वर करून उभे राहिले आणि तेवढ्यात आमच्या गाईडनं निघायची खूण केली. बाबा काही बोलले नाहीत, पण मला फार वाईट वाटलं. इतक्या लांब येऊन, इतके पैसे घालून, जे बघायला आलो तेच घाईत उरकायचं? तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे.

१. आधी नदी समजून घ्या

नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. त्यामुळे नकाशात खाली दिसणाऱ्या भागाला तिथे 'वरचा इजिप्त' म्हणतात. बहुतेक बोटी लक्झर आणि अस्वान यांच्यामधल्या दोनशेहून थोड्या जास्त किलोमीटरच्या पट्ट्यात ये-जा करतात. वाटेत एस्ना, एडफू आणि कोम ओम्बो ही देवळांची गावं लागतात.

लक्झरहून अस्वानला जाणारी सहल बहुधा ४ रात्रींची असते, अस्वानहून लक्झरला येणारी ३ रात्रींची. ४ रात्री म्हटल्या तरी बोट प्रत्यक्ष चालते ती साधारण दीड दिवस. उरलेला वेळ ती धक्क्याला बांधलेली असते. हे आधी माहीत असलं की निराशा होत नाही.

माझं मत विचाराल तर लक्झरहून सुरुवात करा. एक तर रात्र जास्त मिळते. दुसरं म्हणजे काळाचा क्रम जुळतो. कर्नाक आणि राजांची दरी (राजांच्या थडग्यांची जागा) ही सव्वातीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या फॅरोंच्या, म्हणजे इजिप्तच्या प्राचीन राजांच्या, भरभराटीतली, तर एडफू, कोम ओम्बो आणि अस्वानजवळच्या बेटावरचं, आज दिसणारं फिली बरंचसं त्यानंतर हजारेक वर्षांनी, ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांच्या आणि रोमनांच्या काळात उभं राहिलेलं. जुन्याकडून नव्याकडे गेलं की काय बदललं आणि काय तसंच राहिलं, ते आपोआप दिसत जातं.

ऑक्टोबर ते एप्रिल हा हंगाम. उन्हाळ्यात लक्झर-अस्वानला पारा चाळिशीच्या बराच वर जातो आणि दगडी अंगणात उभं राहवत नाही. नाताळच्या आसपास गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. रमजानमध्ये बऱ्याच ठिकाणच्या वेळा कमी होतात, म्हणून तारखा ठरवण्याआधी पंचांगाबरोबर तेही बघा.

२. बोट ठरवण्याआधी वेळापत्रक मागा

बोटी मुख्यतः दोन प्रकारच्या. एक म्हणजे चार-पाच मजली मोठी बोट, जिच्यावर शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त प्रवासी असतात. दुसरी दहबिया, म्हणजे दोन शिडांची, मोजक्या केबिनची लहान नौका. दहबिया महाग पडते, पण ती गेबेल एल-सिलसिला इथल्या जुन्या दगडखाणींपाशी थांबते. अनेक मोठ्या देवळांचा वालुकाश्म तिथूनच आलेला आहे. मोठ्या बोटी तिथून नुसत्या पुढे निघून जातात. पैसे आणि वेळ असेल तर दहबिया बघाच. आम्ही मोठ्या बोटीनं गेलो आणि पुढचं सगळं त्या हिशेबानं सांगते आहे.

पैसे भरण्याआधी हे प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरंही लेखीच घ्या:

- प्रत्येक देवळात पोचण्याची वेळ काय आणि तिथं किती मिनिटं?
- दुकानांचे थांबे आहेत का? असतील तर ते वगळता येतील का?
- एस्नाचं देऊळ दाखवणार का? (बऱ्याच बोटी तिथल्या बंधाऱ्याच्या जलपाशातून, म्हणजे बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदातून, नुसत्या पुढे जातात.)
- अबू सिंबेल (अस्वानच्याही पुढचं, डोंगरात कोरलेलं देऊळ) दरात धरलं आहे की वेगळं?
- प्रवेशतिकिटं, फिलीची होडी, कर्मचाऱ्यांची बक्षिसी आणि पिण्याचं पाणी यातलं काय धरलं आहे?
- गाईड फक्त आपला, की बोटीवरच्या तीस जणांत एक?

शेवटच्या प्रश्नावर पैसे वाचवू नका. चार जणांचं कुटुंब असेल तर स्वतंत्र गाईडचा खर्च वाटून फार होत नाही, आणि वेळ आपल्या हातात राहतो.

केबिन घेताना सर्वांत खालचा मजला टाळा, आणि मागच्या बाजूची, इंजिनाजवळचीही नको. मोठ्या खिडकीसाठी मात्र जादा पैसे मोजू नका. धक्क्याला बोटी एकीला एक लागून चार-चार, पाच-पाच उभ्या असतात. किनाऱ्यावर जायचं तर शेजारच्या बोटींच्या दिवाणखान्यांतून चालत जावं लागतं, आणि पडदा उघडला की समोर नाईलऐवजी शेजारच्या केबिनचा पडदा दिसतो. परतताना चुकू नये म्हणून आपल्या बोटीचं नाव लिहिलेलं कार्ड खिशात ठेवा. आई एकदा तिसऱ्या बोटीच्या स्वागतकक्षात आमच्या खोलीची किल्ली मागत उभी होती. सगळे दिवाणखाने सारखेच दिसतात.

३. कागदपत्रं

व्हिसा लागतो. विमानतळावर उतरल्यावर मिळेल या भरवशावर निघू नका. मुंबईतल्या इजिप्तच्या वकिलातीकडून किंवा दिल्लीच्या दूतावासाकडून चालू नियम विचारून घ्या आणि हातात किमान महिनाभर ठेवा. फाइलमध्ये एवढं हवं:

- परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालणारा पासपोर्ट, व्हिसा आणि दोन्हींच्या छापील प्रती
- जाण्यायेण्याची विमानतिकिटं, हॉटेल आणि बोटीचं आरक्षण
- प्रवास विमा. गरम हवेच्या बलूनमध्ये बसायचा विचार असेल तर तो विम्यात येतो का ते वाचा. २०१३ मध्ये लक्झरला बलूनला आग लागून १९ जण दगावले होते.
- मुलं शिकत असतील तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र. देवळांचं तिकीट निम्म्यावर येतं.
- नेहमीच्या औषधांची डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी

औषधांचं गांभीर्यानं घ्या. ट्रॅमाडॉल हे दुखण्यावरचं औषध आपल्याकडे चिठ्ठीवर मिळतं, पण इजिप्तमध्ये त्यावर कडक नियंत्रण आहे. कुणाच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांत ते असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांकडून पर्याय घ्या. ड्रोन घरीच ठेवा, तो विमानतळावर काढून घेतात.

४. पैसे, तिकिटं आणि बक्षीस

मोठ्या ठिकाणांच्या तिकीट खिडक्यांवर आता बहुतेक कार्डच चालतं. निघण्याआधी बँकेत सांगून परदेशातले व्यवहार सुरू करून घ्या, आणि एक कार्ड अडलं तर हाताशी असावं म्हणून दुसऱ्या बँकेचंही एक न्या. रोख रकमेसाठी डॉलर किंवा युरो नेऊन तिथे इजिप्शियन पौंड घ्या. रुपये बदलून मिळतील असं धरून चालू नका.

पहिल्याच दिवशी बँकेतून किंवा हॉटेलातून सुट्ट्या लहान नोटांचा गठ्ठा करून घ्या. स्वच्छतागृहाबाहेर, सामान उचलणाऱ्याला, होडीवाल्याला, सगळीकडे त्या लागतात. याला तिकडे 'बक्शीश' म्हणतात. फारसीतून आपल्याकडे 'बक्षीस' झालेला तोच हा शब्द. कामासाठी मनापासून द्या, त्या माणसांचं पोट त्यावर चालतं. पण देवळाचा किंवा थडग्याचा पहारेकरी हळूच बोलावून दोरीपलीकडे नेऊ लागला, हात लावून फोटो काढा म्हणाला, तर नको म्हणा. पैशाचा प्रश्न बाजूला राहू द्या, चित्रांवर लागलेला हात परत निघत नाही. 'ला, शुक्रन' म्हणजे 'नको, धन्यवाद' एवढं अरबी पाठ असलं की पुष्कळ झालं.

मोबाईलनं फोटो काढायला सहसा जादा पैसे लागत नाहीत. फ्लॅश मात्र कुठेही नको.

५. जेवण आणि सामान

बोटीवर तिन्ही वेळचं जेवण दरात असतं, पाण्यासकट पेयं बहुधा वेगळी. शाकाहारी असाल तर आरक्षणाच्या वेळीच कळवा आणि चढल्यावर मुख्य आचाऱ्याला भेटून पुन्हा सांगा. फूल (शिजवलेल्या बाकल्याच्या दाण्यांचं), ताआमिया (त्याच दाण्यांचे वडे), ताहिनी (तिळाची चटणी) आणि बलदी रोटी (तिकडची साधी रोटी) यांवर आमचे दिवस आनंदात गेले. गावात उतरलात तर कोशरी खा: भात, मसूर, मॅकरोनी, छोले आणि वर कुरकुरीत कांदा. तिचं नातं आपल्या खिचडीशी सांगतात. चुकायला होतं ते दोन ठिकाणी. मुलुखिया ही पालेभाजी कोंबडीच्या किंवा सशाच्या रश्शात शिजवतात, आणि मसुराच्या सूपलाही कधी कोंबडीचा रस्सा असतो. दोन्ही विचारून घ्या.

कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे घ्या, टोपी रुंद कडेची. हिवाळ्यात पहाटे चांगलीच थंडी वाजते, म्हणून एक स्वेटर आणि स्कार्फ घ्या. चपलांपेक्षा पकड असलेले बूट बरे, कारण थडग्यांतल्या लाकडी उतारांवर पाय घसरतो.

६. देऊळ कसं वाचायचं, ते घरी शिकून जा

हा टप्पा वगळू नका. मी दोन संध्याकाळी दिल्या आणि त्याचा सगळ्यात जास्त फायदा झाला.

इजिप्तचं देऊळ आपल्याला परकं नाही. बाहेर दोन उतरत्या भिंतींचं महाद्वार, मग उघडं अंगण, मग खांबांचा सभामंडप, मग लहान दालनं आणि शेवटी गाभारा. जसजसं आत जाल तसतशी जमीन चढत जाते, छत खाली येतं, उजेड कमी होत जातो. सभामंडप, अंतराळ, गर्भगृह ओलांडत गेलेल्या माणसाला ही वाट ओळखीची वाटते. फरक एवढाच की तिथं सामान्य माणसाला आत प्रवेश नव्हता. देव लोकांना दिसायचा तो उत्सवात, पुजाऱ्यांच्या खांद्यावरच्या नावेत बसून बाहेर पडल्यावर. पालखीऐवजी नाव, कारण रस्ता म्हणजे नदी. कर्नाकचा देव अमून ओपेतच्या उत्सवात असाच लक्झरच्या देवळात यायचा. लक्झरच्या देवळातल्या उंच खांबांच्या रांगेत, बाजूच्या भिंतींवर ती मिरवणूक कोरलेली आहे: नावा, पुजारी, वाजंत्री, बळीचे बैल. तुतनखामुन राजाच्या काळातलं काम आहे ते. आपणही त्या देवांच्याच वाटेनं पाण्यावरून चाललो आहोत, हे मला ती भिंत बघताना लख्ख जाणवलं.

भिंतीवर ओळखायच्या खुणा थोड्याच आहेत. लंबगोलात कोरलेली अक्षरं म्हणजे राजाचं नाव. बहिरी ससाण्याचं डोकं तो होरस, मगरीचं तो सोबेक, मेंढ्याचं तो खनूम, कोल्ह्याचं तो अनुबिस, गाईचे कान असलेली हाथोर, डोक्यावर सिंहासनाचं चिन्ह असलेली इसिस. पांढरा उंच मुकुट वरच्या इजिप्तचा, लाल मुकुट खालच्या इजिप्तचा. आणि चित्रलिपीतले पशुपक्षी ज्या दिशेला तोंड करून असतात, त्या बाजूनं ओळ वाचायला सुरुवात करायची. आईला ही शेवटची गोष्ट इतकी आवडली की प्रत्येक भिंतीपाशी ती आधी घुबडाचं तोंड कुठे आहे ते बघायची.

७. लक्झर : बोटीत चढण्याआधी एक रात्र जमिनीवर

बोट दुपारी चढवून घेते आणि संध्याकाळपर्यंत कर्नाक आणि लक्झर दोन्ही उरकते. म्हणून माझा आग्रह आहे की आदल्या दिवशीच लक्झरला पोचा आणि हॉटेलात राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता कर्नाक उघडतं तेव्हा दारात उभे असा. बसगाड्या यायच्या आत तासभर तरी तो सभामंडप तुमचा असतो. मधले १२ खांब सुमारे २१ मीटर उंच आहेत, बाकीचे १२२ त्याहून ठेंगणे. या उंचीच्या फरकात वरच्या बाजूला दगडी जाळ्या बसवून उजेड आत घेतला आहे. खांबांच्या वरच्या भागात आणि तुळयांच्या खालच्या अंगाला अजून रंग शिल्लक आहे, म्हणून मान वर करायला विसरू नका. कर्नाकला तीन तास द्या.

लक्झरचं देऊळ संध्याकाळी बघा, ते रात्रीपर्यंत उघडं असतं. दारात एकच ओबेलिस्क (एकाच दगडाचा उंच, टोकदार स्तंभ) आहे, त्याचा जोडीदार १८३६ पासून पॅरिसच्या चौकात उभा आहे. देवळाच्या अंगणातच अबू हग्गाग यांची मशीद आहे आणि तिथं आजही नमाज होते. या जागेवरची उपासना, देव बदलले तरी, फारशी थांबलेली नाही.

पश्चिम तीरावर राजांची दरी आहे. साध्या तिकिटात त्या दिवशी उघड्या असलेल्यांपैकी तीन थडगी बघता येतात. तुतनखामुन आणि सेती पहिला यांचं तिकीट वेगळं, सेतीचं बरंच महाग. गाईडला थडग्यांच्या आत बोलायची परवानगी नसते, त्यामुळे काय बघायचं ते बाहेरच नीट समजून घ्या. गुडघे दुखत असतील तर चौथ्या आणि नवव्या रामसेसची थडगी सोयीची: सरळ, फारशा पायऱ्या नसलेली. तिसऱ्या थुतमोसचं टाळा, तिथं आधी उंच जिना चढून मग खोल उतरावं लागतं. तुतनखामुनचं थडगं आकारानं लहान आणि चित्रांनी मोजकं, पण त्याची ममी तिथंच आहे. १९२२ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश उत्खननकार हॉवर्ड कार्टरच्या चमूला ज्या पायऱ्या सापडल्या, त्याच बाजूनं आपण उतरतो. बाबांनी ते तिकीट काढायचं ठरवलं आणि त्यांना जराही पश्चात्ताप झाला नाही.

हातशेपसूत या राणी-फॅरोचं देऊळ बहुतेक बोटी दाखवतात. मेदिनेत हाबू हे तिसऱ्या रामसेसचं देऊळ मात्र त्यांच्या यादीत बहुधा नसतं. गाईडला सांगून ते घालून घ्या. कोरीवकाम हाताची बोटं रुततील एवढं खोल, छतावर निळा रंग आणि गर्दी जवळपास नाही. अलाबास्टरच्या (मऊ पांढऱ्या दगडाच्या) वस्तूंच्या कारखान्यात जाणारा वेळ इथं घालवा. 'अस्सल' म्हणून विकला जाणारा बराचसा स्वस्त पपायरसही केळीच्या सोपटाचा असतो, त्यामुळे त्या दुकानांत थांबून काही गमावण्यासारखं नाही.

८. एस्ना, एडफू, कोम ओम्बो

एस्नाला बंधारा आहे आणि बोट जलपाशातून वर चढते. दरवाजे बंद होतात, पाणी भरत जातं आणि अख्खी बोट भिंतीला लागून हळूहळू वर येते. रांग असली की काही तास जातात. त्याआधी लहान होड्यांतले विक्रेते दोर टाकून मोठ्या बोटीला चिकटतात आणि खालून ओरडत टेबलक्लॉथ, झगे, टॉवेल पिशवीत घालून थेट गच्चीवर फेकतात. हवं असेल तर पैसे त्याच पिशवीत घालून खाली टाकायचे, नको असेल तर वस्तू परत टाकायची. भाव आधी ठरवा. आणि पिशवी पाण्यात पडणार नाही याची काळजी घ्या, त्यांचा दिवसभराचा माल असतो तो.

एस्नाचं खनूमचं देऊळ आजच्या रस्त्याच्या पातळीच्या सुमारे ९ मीटर खाली आहे. गाव वर वर चढत गेलं, देऊळ खालीच राहिलं. उरलाय तो २४ खांबांचा मंडप, रोमन काळातला. अलीकडे इजिप्शियन आणि जर्मन तज्ज्ञांनी शतकांची काजळी काढून छताचे रंग मोकळे केले आहेत: राशी, तारे, गिधाडं, लाल-पिवळे-निळे. धक्क्यापासून चालत जाता येतं. बोटीच्या यादीत नसेल तरी, थांबा पुरेसा असेल तर, व्यवस्थापकाला विचारून स्वतः जाऊन या.

एडफूला सगळ्या बोटी पहाटे एकदमच लागतात. धक्का ते देऊळ साधारण एक-दीड किलोमीटर. बाहेर पडताच घोडागाड्यांचा गराडा पडतो. घोड्यांची हाडं दिसत होती, त्यामुळे आम्ही बसलो नाही. टुकटुक किंवा टॅक्सी मिळते, चालतही जाता येतं. गाईडला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की आम्हाला घोडागाडी नको, म्हणजे सकाळी वाद होत नाही. घोडागाडीत बसणार असाल तर जाण्या-येण्याचं भाडं आणि चलन दोन्ही आधी बोलून घ्या. 'पन्नास' म्हणजे पौंड की डॉलर, यावर परतताना भांडणं होतात.

होरसचं हे देऊळ इ.स.पू. २३७ मध्ये सुरू झालं आणि इ.स.पू. ५७ मध्ये पुरं झालं. वाळूत गाडलेलं राहिल्यामुळे छतासकट टिकलं. १८६०च्या दशकात फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ओग्युस्त मारिएतनं ते मोकळं केलं. उजेड कमी होत जाणारी ती वाट अनुभवायला संपूर्ण इजिप्तमध्ये याहून चांगली जागा नाही. सगळे जण महाद्वारापाशी आणि काळ्या ग्रॅनाइटच्या ससाण्याशेजारी फोटोसाठी थांबतात. तुम्ही आधी सरळ गाभाऱ्यात जा, तिथली गर्दी व्हायच्या आत, आणि मग उलट बाहेर या.

कोम ओम्बोचं देऊळ अगदी काठावर आहे, बोटीच्या गच्चीवरून दिसतं. एकाच देवळात दोन गाभारे, दोन दरवाजे, दोन देव: समोरून बघताना उजवीकडे सोबेक, डावीकडे थोरला होरस. नाईलचं पाणी मोजायची विहीर आणि शेजारच्या संग्रहालयातल्या मगरींच्या ममी चुकवू नका. बोटी बहुधा संध्याकाळी पोचतात. दिव्यांचा तिरपा उजेड कोरीवकामावर पडतो आणि दुपारी सपाट वाटणाऱ्या आकृती उठून येतात.

९. अस्वान : फिलीला पुरता अर्धा दिवस

फिलीला जायला शेल्लालच्या धक्क्यावरून मोटारहोडी घ्यावी लागते. तिचं भाडं प्रवेशतिकिटापेक्षा वेगळं. होडी जाऊन-येऊन ठरवा, ती किती वेळ थांबणार ते आधी बोलून घ्या, आणि पैसे परत आल्यावरच द्या.

आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यातलं. पळसदेवचं जुनं देऊळ उजनीच्या पाण्यात गेलं, ते बाबांच्या डोळ्यांदेखत. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचं शिखर वर येतं आणि माणसं होड्यांतून बघायला जातात. फिलीची गोष्ट तीच. १९०२ मध्ये अस्वानचं पहिलं धरण झालं आणि हे बेट वर्षातले बरेच महिने पाण्याखाली जाऊ लागलं. लोक होडीतून खांबांच्या मधून फिरायचे. रंग धुऊन गेले. मग १९६०च्या दशकात मोठं धरण आलं, तेव्हा युनेस्कोच्या मदतीनं भोवती बांध घालून पाणी उपसलं, देऊळ दगड-दगड सुटं केलं आणि जवळच्या अगिल्किया बेटावर जसंच्या तसं उभं केलं. १९८० मध्ये ते पुन्हा उघडलं. भिंतींवर पाण्याची रेघ अजून दिसते. बाबा त्या रेघेवर नजर लावून बराच वेळ उभे होते. "आपलं पण उचलायला हवं होतं गं," एवढंच म्हणाले.

तिथं गाईडला रोमन सम्राट हेड्रियनचं दार विचारा. सहल त्याच्या बाजूनं निघून जाते. भिंतीवर एका देवाची साधीशी, थोडी ओबडधोबड आकृती आहे आणि तिच्याजवळ चित्रलिपीतला मजकूर. तारीख २४ ऑगस्ट ३९४. आजवर सापडलेल्यांत चित्रलिपीचा हा शेवटचा लेख. साडेतीन हजार वर्षं चाललेली लिपी इथं येऊन थांबली. अक्षरं बारीक आहेत, नीट जवळून बघा.

अपूर्ण ओबेलिस्क सकाळी लवकर बघा, तिथं सावली नाही. खडकातच पडून राहिलेला हा सुमारे ४२ मीटरचा दगड भेगा गेल्यामुळे सोडून दिला. हत्यारांचे घाव अजून ताजे वाटतात. धरणावर फार वेळ काढू नका, त्यापेक्षा नुबियन (अस्वानच्या दक्षिणेकडच्या लोकांच्या) संग्रहालयात जा. पाण्याखाली गेलेल्या गावांचं सगळं तिथं आहे.

१०. अबू सिंबेल

हे बोटीच्या वाटेवर नाही. अस्वानहून सुमारे २८० किलोमीटर, गाडीनं तीन-साडेतीन तास. आई-वडील बरोबर असतील तर जाऊन-येऊन एका दिवसात दमछाक होते हे खरं, तरी जाच. दुसऱ्या रामसेसनं डोंगरात कोरलेलं हे देऊळ धरणामुळे बुडणार होतं. १९६४ ते १९६८ या काळात ते कापून सुमारे ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागे नेलं. वेरूळचं कैलास लेणं बघितलेल्या माणसाला डोंगर कोरणं नवीन नाही, पण कोरलेला डोंगर कापून हलवणं म्हणजे काय, ते इथं उभं राहिल्यावर कळतं. चेहऱ्यांवरचे सांधे जवळून शोधा, मोठ्या मुश्किलीनं सापडतात. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला उगवतीचं ऊन गाभाऱ्यापर्यंत पोचतं. ते बघायचं असेल तर अस्वानचं हॉटेल कित्येक महिने आधी घ्या, नसेल तर त्या तारखा टाळा.

गाड्या पहाटे ४ च्या सुमाराला निघतात. आदल्या रात्री बोटीवर सांगून नाश्त्याचा डबा बांधून घ्या, शाकाहारी असल्याची पुन्हा आठवण द्या. शेवटचा दिवस असेल तर बॅगा भरून, केबिनचा हिशेब चुकता करून झोपा, कारण परत येईपर्यंत खोली दुसऱ्याला दिलेली असते. वाटेत स्वच्छतागृहं थोडी आहेत, सुटे पौंड हाताशी ठेवा. आणि गाडीत जाताना डाव्या बाजूच्या खिडकीत बसा, वाळवंटातला सूर्योदय तिकडून दिसतो.